गॅस पुरेसा, तरी दुपारी एसी बंद: प्रेशर सेन्सरचा दोष कसा पकडला

३० मे २०२४ ला नागपुरात रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवलं आणि ती बातमी देशभर गेली. त्याच दुपारी दुसऱ्या काही केंद्रांवर पारा ४४ च्या आसपास होता. पुढे हवामान खात्याने सेन्सरमध्ये दोष असल्याचं सांगितलं. आकडा चुकीचा आहे हे कळलं ते शेजारी ताडून बघायला दुसरा आकडा होता म्हणून. गाडीच्या एसीत असा शेजारचा आकडा आपल्यालाच उभा करावा लागतो. तो उभा न करता गॅस भरणं, मॅग्नेट (कॉम्प्रेसरला इंजिनशी जोडणारा विजेचा चुंबकीय क्लच) बदलणं, कॉम्प्रेसर उतरवणं सुरू झालं की गाडी गॅरेज बदलत राहते आणि मूळ दोष तसाच राहतो.

ही गाडी अशीच फिरून आलेली. पाच वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, हाताने नॉब फिरवायचा साधा एसी, मॅग्नेटिक क्लचचा कॉम्प्रेसर, आर-१३४ए गॅस. मालकाने तक्रार एका वाक्यात सांगितली: "भाऊ, सकाळी मस्त थंडी मारते, दुपारी सिग्नलवर उभी राहिली की नुसती गरम हवा फेकते." दोन महिन्यांत दोनदा गॅसचा टॉप-अप झाला होता. दोन्ही वेळा काम संध्याकाळी झालं. संध्याकाळी ही गाडी तशीही थंड करतच होती, त्यामुळे दुरुस्ती झाली असं वाटून ती घरी गेली.

बॉनेट उघडण्याआधी तीन गोष्टी विचारल्या. दोष कोणत्या वेळी येतो? दुपारी एक ते पाच. गाडी वेगात चालली की थंडी परत येते का? वर्धा रोडने बुटीबोरीकडे साठ-सत्तरने निघाली की दहा मिनिटांत येते. थंडी गेल्यावर ब्लोअरच्या हवेचा जोर कमी होतो का? नाही, जोर तोच राहतो. तिसऱ्या उत्तराने कूलिंग कॉइलवर बर्फ साचण्याची शक्यता जवळपास संपली, कारण बर्फ साचला की आधी हवेचा जोर पडतो. दुसऱ्या उत्तराने बोट हाय साइडकडे, म्हणजे कंडेन्सर (गरम गॅस थंड करणारी पुढची जाळी), पंखा आणि त्या बाजूच्या जास्त दाबाकडे गेलं. आणि पहिल्या उत्तराचा अर्थ सरळ होता: ही गाडी सकाळी तपासून काही सापडणार नाही.

म्हणून ती दुपारी दीड वाजता उन्हात उभी केली. सावलीत तापमान ४३ अंश. इंजिन आयडलवर, ब्लोअर पूर्ण, दोन्ही दारं उघडी, म्हणजे आतली हवा गार होऊन एसीवरचा भार कमी होणार नाही. बॉनेट मात्र जितकं लावता येईल तितकं लावलेलं. बॉनेट उघडं ठेवलं की गरम हवा सहज वर निघून जाते आणि रस्त्यावर येणारा दोष गॅरेजमध्ये येतच नाही. दाब मोजणाऱ्या गेजच्या नळ्या आणि मल्टिमीटरच्या वायरी आधीच जोडून बाहेर काढून ठेवल्या होत्या. अकराव्या मिनिटाला क्लचचा 'टक्' आवाज आला आणि कॉम्प्रेसर सुटला, म्हणजे फिरायचा थांबला.

इथून पुढची दोन मिनिटं सगळ्यात मोलाची. कॉम्प्रेसर बंद आहे त्याच अवस्थेत क्लचच्या कनेक्टरवर व्होल्टेज बघायचं. ते बारा व्होल्टच्या वर असेल आणि तरी प्लेट फिरत नसेल, तर दोष क्लचमध्ये आहे. प्लेट झिजून फट वाढलेली असते, आणि तापल्यावर कॉइलचा रोध वाढून चुंबकाची ओढ कमी पडते. ही फट साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर असावी आणि कॉइलचा रोध साधारण ३ ते ५ ओहम. दुपारी सुटणाऱ्या एसीत हा दोष नागपुरात खूप दिसतो, त्यामुळे 'मॅग्नेट गेला' हे उत्तर पटकन तोंडात येतं. या गाडीलाही ते मिळालं होतं. पण इथे कनेक्टरवर ०.१ व्होल्ट होते. क्लचला वीज येतच नव्हती, म्हणजे क्लच निर्दोष. नवा मॅग्नेट बसवला असता तर तोही वीज येत नाही म्हणून असाच सुटला असता.

फ्यूज ठीक होता. रिले, म्हणजे क्लचची वीज चालू-बंद करणारा स्विच, हॉर्नच्या त्याच नंबरच्या रिलेशी अदलाबदल करून पाहिला, फरक नाही. रिलेच्या कॉइलला इंजिनचा कंट्रोलर (इंजिन सांभाळणारा संगणक) जो ग्राउंड, म्हणजे विजेची परतीची वाट, देतो तो त्याने स्वतःच काढून घेतला होता. म्हणजे काहीही तुटलेलं नव्हतं. कंट्रोलर हिशेब करून कॉम्प्रेसर बंद करत होता. मग तो कशाच्या आधारावर, हे त्यालाच विचारायचं.

कंट्रोलरकडचे आकडे वाचणारा स्कॅनर लावला. दोषाचा कोड एकही नाही. पुष्कळ जण इथेच थांबतात आणि 'सेन्सर ठीक आहेत' असं लिहून देतात. कोड नसण्याचा अर्थ तेवढा मोठा नाही. तीन वायरींच्या प्रेशर सेन्सरला ५ व्होल्टचा पुरवठा मिळतो आणि तो दाबाच्या प्रमाणात साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टमधला सिग्नल परत देतो. सिग्नल या पट्ट्याच्या बाहेर गेला, म्हणजे वायर तुटली किंवा शॉर्ट झाली, की पी-०५३२ किंवा पी-०५३३ हा कोड येतो. सिग्नल पट्ट्याच्या आत राहून चुकीचा असेल तर कंट्रोलर तो खरा मानतो, कारण त्याच्याकडे ताडून बघायला दुसरा दाबमापक नाही. म्हणून कोडच्या पानावरून थेट लाइव्ह डेटावर, म्हणजे त्या क्षणी चालू असलेल्या आकड्यांवर, जायचं. मोबाइलला जोडायचं स्वस्त ओबीडी यंत्र बहुतेक वेळा फक्त इंजिनचे आकडे दाखवतं. एसीचा दाब आणि कॉइलचं तापमान बघायला त्या कंपनीच्या गाड्या पूर्ण वाचणारा स्कॅनर लागतो.

कॉम्प्रेसर थांबवू शकणारे आकडे मोजकेच असतात. एसीचं बटण कंट्रोलरपर्यंत पोचतंय का? पोचत होतं. कूलंटचं तापमान? ९७ अंश. इंजिन फार तापलं, साधारण ११० च्या वर गेलं, की कंट्रोलर एसी सोडतो. इथे तसं नव्हतं. तरीही रेडिएटरची वरची नळी तापमापकाने मोजून घेतली. कूलंटचा सेन्सर चुकून जास्त दाखवत असेल तरी एसी असाच सुटतो, आणि तो दोष ओळखायला दुसरा उपाय नाही.

पुढचा आकडा कूलिंग कॉइलच्या थर्मिस्टरचा, म्हणजे तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा. या गाडीत तो ठीक निघाला, पण पावसाळ्यात येणाऱ्या गाड्यांत निम्मं दुखणं इथे असतं, म्हणून थोडं सविस्तर. हा दोन वायरींचा छोटा मणी ग्लोव्ह बॉक्सच्या मागे कॉइलच्या पत्र्यांत खोचलेला असतो. गार झाला की याचा रोध वाढतो. कॉइल एक ते चार अंशांपर्यंत उतरली की याच्या सांगण्यावरून कॉम्प्रेसर थांबतो, म्हणजे कॉइलवर बर्फ होत नाही. वायर तुटली तर रोध अनंत, म्हणजे कंट्रोलरला कॉइल उणे चाळीसवर दिसते आणि कॉम्प्रेसर लागतच नाही. वायरी एकमेकींना चिकटल्या तर उलट: कॉइल कायम गरम दिसते, कॉम्प्रेसर थांबत नाही आणि कॉइल गोठते. तिसरा प्रकार माणसाने केलेला असतो. कॉइल धुवायला किंवा बदलायला काढली आणि मणी मूळ जागी न खोचता कडेला लटकत ठेवला. सेन्सर चांगला, वायर चांगली, पण तो कॉइल मोजतच नाही. अशी गाडी जुलैत भंडाऱ्याकडे तासभर चालली की हवेचा जोर मरतो, एसी पंधरा मिनिटं बंद ठेवला की गाडीखाली भरपूर पाणी गळतं आणि पुन्हा सगळं ठीक होतं. मे महिन्यात हीच गाडी तक्रार करत नाही, कारण आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असतो आणि गोठायला हवेत ओलावाच नसतो. त्याच कारणाने मे महिन्यात एसीच्या नळीतून पाणी कमी पडतं. तो दोष नव्हे.

थर्मिस्टर तपासायचा तर काढून मल्टिमीटरला लावायचा आणि ठेचलेला बर्फ व पाणी यांच्या पेल्यात बुडवायचा. २५ अंशाला जेवढा रोध असतो त्याच्या साधारण तिप्पट शून्य अंशाला यायला हवा आणि आकडा उड्या न मारता सरकायला हवा. इथे एक गोष्ट सांभाळावी लागते. पुस्तिकेतला आकडा २५ अंशाचा असतो आणि मे महिन्यात आपल्या गॅरेजमध्ये ४० अंश असतात. चांगला थर्मिस्टरसुद्धा त्या वेळी पुस्तिकेच्या निम्म्याच्या जरा वर रोध दाखवतो. हे लक्षात न घेता चांगले सेन्सर टाकून दिले जातात.

ऑटोमॅटिक एसीच्या गाड्यांत आणखी एक आकडा बघावा लागतो, बाहेरच्या हवेचा. तो सेन्सर पुढच्या बंपरच्या मागे असतो. डेंटिंग-पेंटिंगला बंपर उतरवला आणि कनेक्टर लावायचा राहिला की डॅशबोर्डवर उणे चाळीस किंवा नुसत्या रेघा दिसतात आणि कॉम्प्रेसर लागत नाही. हिवाळ्यात मात्र जपून ठरवावं. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा सकाळी काही गाड्या कॉम्प्रेसर मुद्दामच लावत नाहीत.

आता उरला दाब. स्कॅनरवर कॉम्प्रेसर सुटण्याच्या क्षणी २९.६ बार दिसले होते. त्याच क्षणी हाय साइडच्या गेजवर २२ बार होते. साडेसात बारचा फरक. कंट्रोलरने बरोबर निर्णय घेतला होता, पण चुकीच्या माहितीवर. दाब साधारण तीस बारच्या घरात गेला की पाइप आणि कॉम्प्रेसर वाचवायला एसी तोडायचा, हे त्याचं कामच आहे. मागे वळून पाहिलं तर एक खूण आधीच दिसत होती: एसी लावल्यावर दोनच मिनिटांत कंडेन्सरचा पंखा मोठ्या वेगावर गेला आणि तिथून खाली आलाच नाही. पंख्याचा वेगही याच आकड्यावर ठरतो.

पण दोघांत खोटं कोण? गेजही चुकू शकतो. त्याची सुई मोकळ्या हवेत शून्यावर येते का, हे जोडण्याआधी बघितलेलं होतं. तरी खात्रीसाठी तिसरा साक्षीदार लागतो आणि तो फुकट मिळतो: तापमान. गाडी रात्रभर बंद राहिली की एसीतला सगळा गॅस बाहेरच्या हवेच्या तापमानाला येतो, आणि आत थोडा जरी द्रव गॅस असला तर दाब फक्त त्या तापमानावर ठरतो, गॅस कमी आहे की जास्त यावर नाही. आर-१३४ए साठी गेजवर २५ अंशाला ५.७ बार, ३० ला ६.७, ३५ ला ७.९, ४० ला ९.२ आणि ४५ ला १०.६ बार यायला हवेत. गेज यापेक्षा बराच जास्त दाखवत असेल तर आत हवा शिरली आहे किंवा कोणी भलतंच मिश्रण भरलं आहे. बराच कमी दाखवत असेल तर द्रव उरण्याइतकाही गॅस नाही. हा कोष्टकाचा कागद गेजच्या पेटीत चिकटवलेला असावा. बंद गाडीत तेवढा दाब दिसला म्हणून 'गॅस बरोबर आहे' असं मात्र म्हणू नये, कारण अर्धा गॅस असतानाही हाच आकडा दिसेल.

गाडी रात्रभर ठेवून घेतली. पहाटे सहाला हवा ३०.५ अंश, गेजवर ६.८ बार, स्कॅनरवर ७.१. कोष्टक, गेज, सेन्सर तिघांचं जुळलं. म्हणजे गेज चांगला, गॅस शुद्ध, आणि सेन्सर थंड असताना खरं बोलतो. सकाळी तपासणाऱ्याला तो का निर्दोष वाटला, ते इथे उघड झालं.

सेन्सरवर शिक्का मारण्याआधी वायरिंगला संधी द्यायलाच हवी. दुपारी पुन्हा तोच दोष आणून, कनेक्टर न काढता, त्याच्या मागच्या बाजूने बारीक प्रोब सरकवून तिन्ही वायरी मोजल्या. पुरवठा ५.०१ व्होल्ट. सेन्सरच्या ग्राउंड वायरपासून बॅटरीच्या उणे टोकापर्यंत ०.०३ व्होल्ट. सिग्नल ३.८७ व्होल्ट. यातला ग्राउंडचा आकडा सगळ्यांत जास्त विसरला जातो. ग्राउंडच्या वायरीत गंज किंवा सैल पिन असेल तर तिथे अर्धा-पाऊण व्होल्ट अडकतो आणि तेवढाच सिग्नल वर उचलला जातो. कंट्रोलरला तो जास्तीचा दाब वाटतो, सेन्सर बदलला जातो आणि दोष राहतो. उंदराने कुरतडलेल्या वायरीतही असंच होतं. या गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ०.५ व्होल्ट म्हणजे शून्य आणि ४.५ व्होल्ट म्हणजे ३५ बार, म्हणजे एका व्होल्टला ८.७५ बार. ३.८७ मधून ०.५ वजा करून ८.७५ ने गुणलं की साडेएकोणतीस येतात. स्कॅनरचा आकडा आणि वायरीतला व्होल्ट जुळला, म्हणजे कंट्रोलर आणि वायर दोघेही ऐकलं तेच सांगत होते. खऱ्या २२ बारला सिग्नल ३ व्होल्टच्या जवळ असायला हवा होता. चूक सेन्सरच्या पोटात होती.

वायरीला टाचणी टोचून मोजू नये. पहिल्या पावसात त्याच भोकातून पाणी शिरून तांबं हिरवं पडतं. आणि तीन वायरींच्या प्रेशर सेन्सरचा रोध मल्टिमीटरने मोजण्याचा काही उपयोग नाही. आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, मिळेल तो ओहमचा आकडा काहीच सांगत नाही.

शेवटची खात्री पुढच्या पहाटे इंजिन बंद ठेवून, फक्त इग्निशन लावून केली. केस वाळवायच्या ड्रायरने सेन्सरचं धड हळूहळू गरम केलं, साधारण ६५ अंशांपर्यंत, म्हणजे बोट टेकवून ठेवता येणार नाही इतकंच. गेज ६.८ वर स्थिर राहिला, कारण एवढ्याशा तुकड्याच्या उष्णतेने सगळ्या पाइपांतला दाब बदलत नाही. दाब सिस्टिमच्या गार भागातल्या द्रवावर ठरतो. स्कॅनरवरचा आकडा मात्र सात, आठ, साडेनऊ करत अकरावर गेला. ओलं फडकं गुंडाळलं, चार मिनिटांत सातवर परत. यानंतर शंका उरली नाही. हीट गन वापरायची असेल तर फार जपून. गॅस भरलेल्या पाइपजवळ तेवढ्या उष्णतेची गरज नसते आणि धोका मात्र असतो.

एक गोष्ट इथे करू नये म्हणून सांगावीच लागते. सेन्सर खोटं बोलतोय हे कळल्यावर दोन वायरी जोडून कॉम्प्रेसर थेट चालवून देणं. ४३ अंशांत, पंखा मध्येच बंद पडला तर दाब तोडणारं मग कोणीच उरत नाही.

सेन्सर बदलायचा तर आधी गॅस पूर्ण मशीनमध्ये काढून घेतला. पुष्कळ गाड्यांत सेन्सरखाली झडप असते आणि गॅस न काढताही तो निघतो, पण सगळ्यांत नाही. खात्री नसताना खोलला तर गॅस तोंडावर येतो आणि डोळा किंवा कातडी गोठवतो. या गाडीत गॅस काढण्याला दुसरंही कारण होतं: दोन टॉप-अपनंतर आत नेमका किती आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. बॉनेटखालच्या स्टिकरवर ३८० ग्रॅम लिहिलेले. मशीनने ५२० ग्रॅम बाहेर काढले. १४० ग्रॅम जास्त. खरा दाब २२ बारपर्यंत चढण्यामागे हा जास्तीचा गॅस होता आणि वर सेन्सर साडेसात बार स्वतःचे घालत होता. नुसता जास्तीचा गॅस काढला असता तरी एसी चालू झाला असता, आणि नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागला की गाडी पुन्हा दारात आली असती. गेज बघून गॅस भरण्याची सवय इथे महाग पडते. गॅस वजनानेच भरायचा.

नव्या सेन्सरसोबत नवी ओ-रिंग बसवली, एसीच्या तेलाचं बोट लावून. कोरडी ओ-रिंग आवळताना चिरते. सेन्सर साधारण १० न्यूटन-मीटरवर आवळला. ॲल्युमिनियमच्या पाइपवर जोर लावला की आटे जातात. मग अर्धा तास व्हॅक्यूम, पंप बंद करून दहा मिनिटं सुई हलत नाही ना ते पाहणं, काढलेल्या तेलाइतकं तेल परत आणि मोजून ३८० ग्रॅम गॅस. कंडेन्सरच्या पत्र्यांतली धूळ पाण्याच्या हलक्या धारेने मागून पुढे धुतली. जोराच्या धारेने पत्रे वाकतात.

तपासणी पुन्हा दुपारी दीडलाच, त्याच जागी, दारं उघडी. अर्ध्या तासानंतर गेजवर १८.५ बार आणि स्कॅनरवर १८.७, सिग्नल २.६४ व्होल्ट. पंखा मोठ्या वेगावरून मधूनमधून खाली येत होता. दारं लावून, हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबल्यावर मधल्या जाळीवर ११ अंश. कॉम्प्रेसर एकदाही सुटला नाही. नंतर गाडी वर्धा रोडच्या गर्दीतून तासभर फिरवून आणली, स्कॅनर जोडलेलाच ठेवून, कारण सेन्सरची चूक उष्णतेत चढते आणि इंजिनची खोली उभ्या गाडीपेक्षा गर्दीत जास्त तापते. सगळ्यांत मोठा आकडा २०.४ बार.

बॉनेटखाली स्टिकरच्या शेजारी मार्करने तारीख, '३८० ग्रॅम, वजनाने' आणि 'प्रेशर सेन्सर नवा' एवढं लिहिलं. पुढे कोणी गेज लावून थोडा गॅस टाकायला हात पुढे केला, तर आधी त्याची नजर त्यावर पडेल.